सहा किलो दोनशे ग्रॅम

वजनाच्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही! उत्तर टोकाच्या समुद्रातल्या आमच्या स्कार्फाविक गावच्या बंदरावरचा सरकारी काटा गेली एकोणीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. बोटीतून उतरणारा प्रत्येक मासा माझ्या नजरेखालून जातो. काटा आपला नियमापुरता. मासा हातात घेतला की मला आकडा कळतो, पन्नास ग्रॅम इकडे किंवा तिकडे. माझी बायको स्वाला म्हणते, ‘‘केतिल, तुला मला उचलायला सांगितलं, तर आतडी काढून मी किती भरेन ते तू आधी सांगशील!’’

तेव्हा दत्तक मुलीबद्दल कोलकात्याहून फेब्रुवारीत फॅक्सने पत्र आलं, त्यात माझं लक्ष आधी कुठे गेलं हे सांगायला नको. ‘मुलगी. वय आठ महिने. वजन सहा किलो दोनशे ग्रॅम. डोक्याचा घेर एक्केचाळीस सेंटिमीटर.’ सोबत फोटो होता. स्वाला फोटोकडे बघत बसली आणि मी आकड्यांकडे. फोटो मलाही बघायचा होता हो, पण बघितला की नाक शिंकरायला बाहेर जावं लागायचं. आकड्यांचं बरं असतं, त्यांच्याकडे बघून कोणी रडत नाही.

आमची ही दुसरी खेप होती. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आमचा होणार होता. विमानाची तिकिटं हातात, आणि त्याचे मामा-मामी त्याला सांभाळायला पुढे आले. त्याचं भलंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण तोवर गावातल्या एकतीसच्या एकतीस घरांनी आमच्याकडे बाळाच्या भेटी आणून दिल्या होत्या. स्वालाने त्या सगळ्या ढकलगाडीवर रचल्या आणि दारोदार जाऊन परत केल्या. मी म्हटलं, मी जातो. ती म्हणाली, नको. एकतीस दारांत तिने तेच ते सांगितलं, आणि एकतीस घरांत तिला कॉफी प्यावी लागली. त्यानंतर कितीतरी दिवस ती शाळेत शिकवायची आणि घरी आली की दिवा न लावता बसायची.

म्हणून या वेळी तिने दोनच अटी घातल्या. बाळ हातात पडेपर्यंत गावात एक अक्षर जाता कामा नये, आणि घरात बाळाची एक टाचणीसुद्धा येता कामा नये. मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. गावाला सांगितलं, कॅनरी बेटांवर सुट्टीला जाणार आहोत. लशी टोचून घेतल्या, पासपोर्ट काढले, बॅग पलंगाखाली भरून ठेवली, आणि ‘निघा’ असा फॅक्स यायची वाट बघत बसलो. फॅक्स यायचा तो ऑदनीच्या दुकानात, कारण गावातलं एकुलतं एक यंत्र तिच्याकडे. पण फॅक्स इंग्रजीत येत आणि ऑदनीला इंग्रजी येत नाही. आमचं सगळं गुपित याच भरवशावर उभं होतं.

आता मी शब्द पाळला की नाही? पाळला! घरात टाचणी आणली नाही. बाबागाडी आणली, आणि ती बंदरावरच्या, गळाला लावायच्या आमिषाच्या खोलीत ठेवली. ती खोली म्हणजे घर नव्हे. शेजारच्या गावातून जुनीच घेतली होती, चाकं मोठी, आत एक दुपटं आणि एक टोपरं फुकट.

पण मला चैन पडेना. मी आयुष्यात कधी बाबागाडी ढकललेली नाही. बंदरावरून वर जाणारा रस्ता मार्च महिन्यात नुसता बर्फ. गाडी घसरली तर? कलली तर? सहा किलो दोनशे ग्रॅमचा जीव आत असताना शिकायचं की आधी? मी आधी शिकायचं ठरवलं. त्या सकाळी पहिल्या बोटीतून एक कॉड मासा उतरला. मी हातात घेतला आणि अंगावर काटाच आला. काट्यावर टाकला तर सहा दोनशे पन्नास! वरचे पन्नास दूध प्यायल्यानंतरचे धरले.

मासा गाडीत ठेवला. घसरू नये म्हणून दुपट्यात गुंडाळला. टोपरं बरोबर बसतंय का तेही बघून घेतलं, कारण अख्ख्या गावात एक्केचाळीस सेंटिमीटरचं रिकामं डोकं त्या क्षणी तेवढं एकच होतं. मग वरून पांघरूण. स्वाला दुपारपर्यंत शाळेत. कोणी विचारलंच तर ताठ मानेने खरं सांगायचं, मासा नेतोय. बाबागाडीतून का? हातगाडी मोडली म्हणून! इतका बिनचूक बेत मी दुसरा केलेला नाही.

गाडी झकास चालली. चढावर नाही घसरली, वळणावर नाही कलली. मी इतका खूश झालो की दुकानाशी पोचल्यावर सवयीने कॉफीला आत शिरलो. गाडी बाहेर. आमच्याकडे बाबागाडी बाहेरच राहते. बाळ थंड हवेत झोपतं, मोठी माणसं आत बसतात, आणि झोपलेल्या बाळाच्या पांघरुणाला कोणी हात लावत नाही. हे मला माहीत होतं. पण माझं काही बाळ नव्हतं, त्यामुळे डोक्यात आलं नाही.

ऑदनीने कॉफी ओतली, खिडकीबाहेर बघितलं आणि कप भरून वाहायला लागला.

‘‘ऑदनी, अगं कॉफी!’’

‘‘केतिल,’’ ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. ‘‘ते बाहेर काय आहे?’’

‘‘मासा,’’ मी ताठ मानेने सांगितलं.

तिने डोळ्याला एप्रन लावला. ‘‘माझा नवरा आमच्या पोरीला बेडकी म्हणायचा!’’

‘‘नाही गं, खरंच मासा आहे.’’

‘‘असू दे, असू दे! बाप झाला की माणूस असाच बोलतो. केवढा आहे तुझा मासा?’’

‘‘सहा दोनशे पन्नास. आज सकाळीच बोटीने आला.’’

‘‘बोटीने? या वाऱ्यात? आणि रडला नाही?’’

‘‘ऑदनी, तो मेलेला आहे!’’

‘‘दमला असणारच! एवढा लांबचा प्रवास!’’ असं म्हणून तिने माझ्या खिशात क्लेइनर नावाच्या तळलेल्या गोड पिळांची पुडी कोंबली आणि फोनकडे धावली.

मी बाहेर आलो तर गाडीभोवती चार बायका आणि दुकानाचं लाल मांजर. बायका श्वास रोखून उभ्या होत्या. मांजर मात्र गाडीच्या छतावर चढून आत डोकावत होतं.

‘‘शूऽऽ!’’ एकीने मलाच दटावलं. ‘‘जोरात चालू नकोस. किती शांत आहे रे!’’

‘‘हूं की चूं नाही,’’ दुसरी म्हणाली. ‘‘माझी पोरं असती तर एव्हाना गाव डोक्यावर घेतलं असतं.’’

आता पांघरूण उचलून मासा दाखवायचा, की संपलं! हे मला सुचलं नाही असं समजू नका. पण माशाच्या डोक्यात टोपरं होतं. टोपरं का, याचं उत्तर देताना कोलकाता आलंच असतं. मी नुसता हसलो आणि गाडी घराच्या दिशेने वळवली.

तेवढ्यात बेर्गथोरा आडवी आली. वय चौऱ्याऐंशी, चाळीस वर्षं गावाची सुईण. मला या जगात तिनेच आणलं, चार किलो शंभर ग्रॅमचा. डोळ्यांनी आता तिला फारसं दिसत नाही, पण नाक शाबूत. ती गाडीवर वाकली, एकदा खोल श्वास घेतला आणि माझ्याकडे वळली.

‘‘केतिल, लंगोट बदल.’’

‘‘हो बेर्गथोरा.’’

‘‘हो काय! आत्ता बदल! हा वास आत्ताचा नाही.’’

मी जवळजवळ पळतच सुटलो. मागे बायका, बायकांच्या मागे मांजरं. पहिली दोन होती, वळणावर सात झाली. दारादारांतून माणसं कोट चढवत बाहेर येत होती, हातात पुड्या, डबे, लोकरीचे गठ्ठे. ऑदनीच्या फोनने अर्ध्या तासात गाव जागं केलं होतं. मी घराशी पोचून मागे बघितलं तर निम्मं गाव अंगणात, आणि सगळे चवड्यांवर चालत होते.

आणि खालून स्वाला धावत येत होती. कोट नाही, हातांना खडू. हेडमास्तरने भर वर्गात येऊन सांगितलं होतं, ‘घरी जा स्वाला, तुझं बाळ आलंय.’

‘‘कोणी आणलं?’’ तिने माझी बाही धरली. ‘‘केतिल, कोणी आणून पोचवलं तिला? एकटी कशी आली?’’

तिचा विश्वास बसला होता. हे मी कधी विसरणार नाही. शाळेपासून घरापर्यंतचा तेवढा रस्ता ती आई होऊन धावली होती. तिने हळूच, दोन्ही हातांनी पांघरूण उचललं.

कॉड आ वासून आभाळाकडे बघत होता. टोपरं अगदी मापात बसलं होतं, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

अंगणातल्या सगळ्यांनी माना पुढे केल्या. मग मागून ऑदनीचा आवाज आला, ‘‘अगं बाई, मासाच आहे!’’

‘‘मी तेच तर सांगत होतो!’’

स्वाला पायरीवर बसली, बर्फातच. ‘‘कळलं सगळ्यांना,’’ ती म्हणाली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ‘‘अजून तिकडचा होकार आलेला नाही, आणि सगळ्यांना कळलं. नाही आली ती तर? पुन्हा एकतीस दारं, केतिल. माझ्याच्याने नाही होणार.’’

मी तिच्याजवळ बसलो. माफ कर म्हटलं, पण ते पन्नास ग्रॅमसुद्धा भरलं नसतं.

‘‘आम्हाला आज नाही कळलं,’’ ऑदनी पुढे येत म्हणाली. ‘‘ऑक्टोबरपासून माहीत आहे.’’

स्वालाने मान वर केली.

‘‘मला इंग्रजी येत नाही. पण ‘बेबी’ कळतं मला. आणि फोटोही माझ्याच यंत्रातून आला, काळाकुट्ट, तरी गोड दिसत होती. शिवाय कॉलऱ्याची लस टोचून कॅनरीला कोण जातं?’’

‘‘मग कोणी बोललं का नाही?’’

‘‘तू बोलली नाहीस म्हणून.’’

पाच महिने! दोनशे अकरा माणसांचं गाव, जिथे माझी पाठ दुखली तर माझ्या आधी शेजाऱ्याला कळतं, ते पाच महिने तोंडाला कुलूप लावून बसलं होतं. आज बाबागाडी दिसली तेव्हा त्यांना वाटलं, सुटलो एकदाचे, आता बोलायला हरकत नाही.

बेर्गथोरा काठी टेकत पायरीशी आली आणि पिशवीतून तीन स्वेटर काढून स्वालाच्या मांडीवर ठेवले. एक लहान, एक त्याहून मोठा, एक त्याहून मोठा.

‘‘हा तू परत केलेला. मी उसवला नाही. हा गेल्या वर्षीचा, आणि हा यंदाचा. पोर कुठेही असो, वाढत तर असणारच.’’

‘‘आणि नाही आली तर, बेर्गथोरा?’’

‘‘तर आम्ही येऊ हे न्यायला. एकतीस घरं, एकेक करून. तू इथेच बसायचंस. आणि कॉफी तू आम्हाला पाजायची.’’

स्वाला रडली. खूप रडली, आणि त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच चारचौघांत रडली. मग नाक पुसून तिने गाडीकडे बघितलं.

‘‘हा किती भरला?’’

‘‘सहा दोनशे पन्नास.’’

‘‘सगळ्यांना पुरणार नाही. कोणीतरी बटाटे जास्त आणा. आणि केतिल, आधी त्याचं टोपरं काढ.’’

सतरा दिवसांनी ऑदनी फॅक्स फडफडवत बंदरावर धावत आली, दुकान सताड उघडं टाकून. आमच्या सामानात चौदा किलो लोकर होती. कोणाचीच भेट मागे ठेवायला स्वाला तयार होईना. कोलकात्याच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या माणसाने एप्रिलच्या उन्हात एकेक स्वेटर उलगडून बघितला आणि आम्हाला बसायला खुर्ची आणि थंड पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी एका परिचारिकेने मुलगी आणून स्वालाकडे दिली आणि स्वालाने थोड्या वेळाने माझ्याकडे. तिचं नाव तुली. तिने माझी दाढी मुठीत धरली.

‘‘सांग,’’ स्वाला म्हणाली. ‘‘किती?’’

एकोणीस वर्षांचा अनुभव! पन्नास ग्रॅम इकडे किंवा तिकडे! मी तिला धरून उभा राहिलो आणि मला काही म्हणता काही सांगता येईना. ती जड आहे की हलकी तेच कळत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, ‘‘काट्यावर बघावं लागेल,’’ आणि भोकाड पसरून रडलो.

घरी आलो तेव्हा सगळं गाव बंदरावर उभं होतं. बाबागाडी ऑदनीने तीनदा साबणाने धुतली होती, तरी तुलीला आत ठेवताच सात मांजरं मागे लागली. तुलीने बंदरापासून जो सूर लावला तो चढावर नाही, वळणावर नाही, दुकानापाशीही सोडला नाही. खिडक्या थरथरत होत्या. बेर्गथोरा वाट अडवून उभीच होती. या वेळी तिने स्वतःच्या हाताने पांघरूण बाजूला केलं, वाकून तुलीचा वास घेतला, आणि तिच्या ओल्या गालावरून बोट फिरवलं.

‘‘गोड आहे,’’ ती म्हणाली. ‘‘पण खरं सांगू, केतिल? थोरलं जास्त शांत होतं.’’