भरवशाची मशीन

गवत कापायची मशीन मीच निवडणार, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा अंगणातलं गवत घोट्याएवढं होतं. (ही उंची लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.)

आमची अक्षरा चौदा महिन्यांची. नुकतीच पावलं टाकायला लागलेली, पण लॉनवर तिला मी अजून सोडलं नव्हतं. गवतात काय काय असू शकतं याची यादी माझ्या मोबाईलमध्ये आहे. सत्तावीस नोंदी, त्यात साप तीनदा.

"त्याला मशीन कशाला लागती?" सासूबाई म्हणाल्या. औशाजवळच्या खेड्यात त्यांनी जन्मभर शेती केलेली. "साखराबाईला सांग. विळा घिऊन यील, तासात कापून म्हशीला न्हील."

"विळा? लेकरू खेळायचं तिथं?"

"तुझा नवरा विळ्यासंगंच वाढला की."

(मी नवऱ्याकडे पाहिलं. मुद्दा पटला नाही.)

मी मागे हटणार नव्हते. बाळाच्या टोपऱ्यापासून बारशाच्या तारखेपर्यंत सगळं दुसऱ्यांनी ठरवलं होतं. माझी लेक कुठल्या गवतावर चालणार, हे मी ठरवणार!

मग रोज अक्षरा झोपली की रिव्ह्यू. विजेची मशीन? वायरच कापली गेली तर? शिवाय लातूरची लाईट. पेट्रोलची? आवाजानं लेकरू दचकेल. बॅटरीची? सर्व्हिस सेंटर हैदराबादला.

"जाऊ की. चारमिनार बघून येऊ," श्रीशैल म्हणाला. (हाच तो विळ्यासंगं वाढलेला.)

शेवटी हातानं ढकलायची मशीन ठरली. वायर नाही, पेट्रोल नाही, ढकललं तरच पाती फिरणार. अकराशे रिव्ह्यू, सगळे वाचले. एकानंच 'उंच गवतात चालत नाही' म्हणून एक चांदणी दिली होती. माणूस आळशी असणार.

या सगळ्यात पाच आठवडे गेले. पावसाळ्याचे.

मशीन आली. सासूबाईंनी तिला विभूती लावली, नारळ फोडला. शेजारची दिपाली मोबाईल उघडून उभी. मी पदर खोचला आणि ढकललं. गवत अदबीनं वाकलं, मशीन पुढे गेली, गवत पुन्हा उभं राहिलं.

"नमस्कार करायलंय तुला," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा मी लांबून पळत आले. या वेळी पात्यांत गवत गुंतलं आणि मशीन थांबली. मी थांबले नाही. (दिपालीकडे व्हिडिओ आहे.)

श्रीशैलनं माहितीपुस्तक वाचलं. "गवत आधी चार इंचांपर्यंत कापून घ्यावे."

आमचं गुडघ्याला लागलेलं.

"कशानं कापून घ्यावं, ते लिवलंय का?" सासूबाईंनी फार मायेनं विचारलं.

साखराबाई विळा घेऊन फाटकातच उभी होती. पाऊण तासात तिनं सगळं कापून मोठा ढीग घातला. "ताई, लई ग्वाड गवत हाय. अजून महिनाभर मशीन बघितली असती तर म्हैस तुम्हाला दुवा देत बसली असती."

मी उरलेल्या खुंटांवर मशीन घातली, आणि ती चालली! खर्रर्र करत, रुबाबात. एकदा पुरे होतं, मी तीनदा फिरवली. कुणाकडेही बघितलं नाही. मग सगळ्यांसमोर अक्षराला उचललं आणि लॉनच्या मधोमध उभं केलं.

तिनं एक पाऊल टेकवलं. कापलेले खुंट टोचले. तिनं दोन्ही पाय वर घेतले आणि असा गळा काढला की तिसऱ्या गल्लीतली कुत्री बोलायला लागली. मग तिला साखराबाईचा ढीग दिसला. माझ्या हातातून सुटून, टोचणं विसरून ती दुडदुडत गेली, त्यात तोंडावर पडली आणि खिदळायला लागली. मी धावत जाऊन उचलायला वाकले, तर तिनं मलाच ढकललं.

सासूबाईंनी नातीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"शिल्पा, आता हे गवत परत चिकटवायची मशीन मिळती का बघ."

मी ताठ मानेनं घरात आले आणि बघितलं.

(रिव्ह्यू बरे नाहीत.)