सुई टेकवण्याबाबतचा ठराव

वस्तू वापरली की झिजते आणि न वापरता ठेवली की तिचं मोल वाढतं, हे सत्य मानवजातीला फार उशिरा कळलं. आमच्या मंडळाला ते पहिल्याच बैठकीत कळलं, आणि तेव्हापासून आम्ही संगीत ऐकणं बंद केलं.

मंडळाचं पूर्ण नाव 'डॅन्यूब खोरे दुर्मीळ ध्वनिमुद्रिका जतन व संवर्धन मंडळ, नोवी साद'. (दुर्मीळ वस्तूचं संवर्धन झालं तर ती दुर्मीळ कशी राहील, असा प्रश्न एका नव्या सभासदाने विचारला होता. तो आता सभासद नाही.) दर शनिवारी दुपारी आम्ही मच्छीमार संघाच्या मागच्या खोलीत जमतो. पुढच्या खोलीत माशांचा रस्सा उकळत असतो, त्यामुळे आमच्या सगळ्या कव्हरांना कार्प माशाचा वास येतो. बाहेरून येणारे जाणकार तो वास हुंगून रेकॉर्ड अस्सल असल्याचा निर्वाळा देतात, आणि आम्ही त्यांना अडवत नाही.

आमचं क्षेत्र मर्यादित आहे. युगोस्लाव्हिया नावाचा देश नकाशावर होता, त्या काळात, म्हणजे सत्तरच्या दशकात, इथल्या लांब केसांच्या पोरांनी जॅझ आणि रॉकच्या मधल्या खिंडीत शिरून फार लांबलचक आणि फार अवघड रेकॉर्डी काढल्या. त्यांतल्या ज्या कुणीच विकत घेतल्या नाहीत, तेवढ्याच आम्ही जमवतो. खपलेली रेकॉर्ड आमच्याकडे चालत नाही. लोकांना आवडली म्हणजे काहीतरी खोट असणारच. आणि लग्नात वाजणारी अकॉर्डियनची गाणी हा विषय बैठकीत काढायचाच नाही, असा नियम आहे. जो काढेल त्याने सगळ्यांना रकिया, म्हणजे इकडची फळांची दारू, पाजायची. (नियम अत्यंत कडक आहे. तो दर शनिवारी मोडला जातो.)

मी मंडळाचा चिटणीस, झिवान. भूगोलाचा निवृत्त मास्तर. माझ्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही. होता, पण रेकॉर्डी ठेवायला जागा पुरेना म्हणून काढून टाकला. अध्यक्ष डॉक्टर ओस्तोया हे दातांचे डॉक्टर. ते दाताच्या आरशाने रेकॉर्डच्या खाचा तपासतात आणि 'कीड नाही' म्हणतात, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. तिसरे इंजिनियर सावा, आमचे खाचावाचक. ते भिंगातून खाचा बघून आत काय वाजतंय ते सांगतात: "इथे बासरी उचलली... इथे ड्रमवाला आला... अहाहा, काय जागा घेतली आहे!" मग आम्हीही अहाहा म्हणतो. बाकीचे सभासद अहाहा म्हणण्यापुरतेच आहेत. संगीत ऐकण्याची याहून स्वच्छ पद्धत मला माहीत नाही.

मंडळाच्या मुकुटातलं रत्न म्हणजे 'वोदोस्ताय' या बँडची एकुलती एक रेकॉर्ड. वोदोस्ताय म्हणजे नदीची पातळी. आमच्याकडे रेडिओवर रोज नदीकाठच्या एकेका गावी पाणी किती चढलं, किती उतरलं ते वाचून दाखवतात. आणि ज्यांच्या बापजाद्यांनी कधी नदीत पाय बुडवला नाही असे लोकही ते चमचा थांबवून ऐकतात. बँड चौघांचा होता. रेकॉर्ड इतकी पडली की कारखान्याने उरलेल्या प्रती वितळवून त्यांतून एका लोकगायिकेच्या रेकॉर्डी काढल्या, आणि त्या लाखांनी खपल्या. (म्हणजे 'वोदोस्ताय'चा माल आडमार्गाने का होईना घरोघरी पोचला, हे मी माझ्या प्रबंधात दाखवून दिलं आहे.)

आमची प्रत डॉक्टरांना नायलॉन बाजारात, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात मिळाली, एका बाईच्या मिरच्यांच्या लोणच्याच्या बरण्यांखाली. एकदाही न वाजलेली. दर्जा: 'अस्पर्शित'. सुई एकदा जरी टेकली तरी दर्जा 'जवळजवळ अस्पर्शित' होतो, आणि हे 'जवळजवळ' आम्ही माणसांच्या बाबतीत चालवून घेतो, रेकॉर्डींच्या बाबतीत नाही. दुसरी प्रत जपानमधल्या एका गृहस्थांकडे आहे. तेही वाजवत नाहीत. त्यांच्याशी आमचं फार जमतं.

न ऐकल्यामुळे आमचं काही अडलं नाही. डॉक्टरांच्या क्रमवारीत ती वर्षानुवर्षं पहिली आहे. सावांनी तिच्यातल्या बासरीवर लेखमाला लिहिली. मी प्रबंध लिहिला. त्यातलं सुरुवातीच्या शांततेवरचं प्रकरण विशेष गाजलं, असं मी ऐकून आहे.

अशा सुरळीत कारभारात एका शनिवारी, वसंत ऋतूत, घोडं अडलं. दारात एक उंच म्हातारा उभा, दोन्ही कानांत मशीन, आणि त्याच्या पुढे एक ठेंगणी बाई. म्हातारा म्हणाला, "मी वेंडेल बागी. वोदोस्तायमध्ये बासरी वाजवायचो. तुमच्याकडे आमची रेकॉर्ड आहे म्हणे."

आम्ही सगळे उठून उभे राहिलो. सावांनी म्हाताऱ्याच्या कोटाच्या बाहीला हळूच बोट लावून बघितलं.

"उस्ताद!" डॉक्टर म्हणाले.

"एकदा लावा ती," वेंडेल म्हणाले. "अंड्रासचा बेस ऐकायचाय."

अंड्रास त्यांचा धाकटा भाऊ, बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा. रेकॉर्ड आली त्याच वर्षी मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याचा फोटो आहे, चामड्याचं जाकीट आहे. वाजवलेलं मात्र त्या एका रेकॉर्डशिवाय कुठेच नाही. मूळ टेपवर स्टुडिओवाल्यांनी नंतर दुसरंच काहीतरी भरलं. घरात एक प्रत होती, पण ती—

"मी तिच्यावर पातेलं ठेवलं, बरं?" ठेंगणी बाई कडाडली. ती त्यांची बायको, बोर्का. "नवी नवरी होते, बीन्सचं पातेलं खदखदत होतं, ओट्यावर तसूभर जागा नव्हती. दिसली काळी थाळी, ठेवलं! जन्मभर ऐकून घेतेय. मला काय स्वप्न पडलं होतं की पुढे तिची पूजा होणार म्हणून? दीर मी फोटोतच पाहिला. चौघांत आता हाच उरलाय, आणि याचे कान चाललेत. तरुणपणी स्वतःच्या गोंगाटात बसला, पुढे पोट भरायला लग्नाच्या बँडमध्ये, स्पीकरला कान लावून. कानाचा डॉक्टर म्हणतो, थंडी पडेपर्यंत दोन्ही जातील. त्याच्या आत एकदा लावा की! दोन बाजू. किती वेळ लागतो?"

पुढच्या खोलीत रश्श्याला उकळी फुटलेली ऐकू येत होती.

"उस्ताद," डॉक्टर शेवटी म्हणाले, "तुम्ही आमचं दैवत आहात. आणि म्हणूनच तुमची विनंती अमान्य करताना आम्हाला किती यातना..."

"दैवत म्हणे! आधी खुर्ची द्या दैवताला, सुबोतित्सापासून उभ्याने आलंय बसमध्ये," बोर्का म्हणाली.

खुर्ची देण्यात आली. मला, खरं सांगतो, गलबलून आलं, आणि गलबलून आलं की चिटणीस जे करतो ते मी केलं. मी उपसमिती नेमण्याची सूचना मांडली. ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. वेंडेलनीही टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आता रेकॉर्ड लावणार.

सुई उपसमितीने उन्हाळाभर घाम गाळला. प्रश्न साधे नव्हते. सुई हिऱ्याची असावी की नीलमण्याची? ती कोणी टेकवावी, आणि टेकवणाऱ्याने आदल्या दिवसापासून कॉफी सोडावी काय? खिडक्या उघड्या ठेवल्या तर धूळ, बंद ठेवल्या तर रश्श्याची वाफ. मग दुपारी मच्छीमारांनी मासे खाऊ नयेत असं पत्र द्यावं काय? (दिलं. मच्छीमारांनी त्यात मासे गुंडाळले.) आणि सर्वांत नाजूक मुद्दा सावांनी काढला: अर्जदार रेकॉर्डिंगच्या वेळी स्वतः हजर होते, म्हणजे त्यांनी हे संगीत एकदा ऐकलेलं आहे. मंडळातल्या कुणीही एकदासुद्धा न ऐकलेली रेकॉर्ड एकाच माणसाने दोनदा ऐकावी, हे न्यायाला धरून आहे काय?

मधूनमधून बोर्काचा फोन यायचा.

"मास्तर, सुई मिळाली का? की माझ्याकडची गोधडीची पाठवू?"

मग पुढच्या वेळी: "मास्तर, आता त्याला दाराची बेल ऐकू येत नाही."

आणि आलुबुखार पिकले तेव्हा: "मास्तर, काल मी तासभर ओरडले त्याच्यावर, आणि हा आपला हसत बसला. त्याला बरंय हो तेवढं. पण आता घाई करा. पाया पडते."

मी हे फोन बैठकीत जसेच्या तसे सांगितले. डॉक्टरांना फार वाईट वाटलं. त्यांनी लक्षात आणून दिलं की अर्जदाराची श्रवणशक्ती या गतीने कमी होत राहिली तर प्रश्न कुणालाही न दुखवता आपोआप सुटेल. उपसमितीने या सूचनेचं स्वागत केलं.

ऑक्टोबरात, पहिली थंडी पडली त्या शनिवारी, दोघं न कळवता आली. वेंडेलच्या कानांत मशीन नव्हतं. बोर्काच्या हातात, फडक्यात धरलेलं, वाफाळणारं बीन्सचं पातेलं होतं. पुढच्या खोलीतल्या चुलीवर तिने ते परत गरम करून घेतलं होतं. आमची रेकॉर्ड वार्षिक तपासणीसाठी टेबलावर उघडीच होती. बोर्का सरळ टेबलाशी गेली आणि तिने पातेलं रेकॉर्डवर, हातभर उंचीवर धरलं.

"लावता, की ठेवू?"

डॉक्टरांनी चाचरत निदर्शनास आणलं की अर्जदारांना आता ऐकूच येत नसल्याने अर्ज निकाली निघाला आहे.

"हात ठेवेल तो स्पीकरवर. हात बहिरे नाही झालेत त्याचे. माझे मात्र दुखायला लागलेत, डॉक्टर. पातेलं जड आहे."

ठराव एकमताने मंजूर झाला. मंडळाच्या इतिहासात चर्चेशिवाय मंजूर झालेला तो एकच. मच्छीमारांचा नाचाच्या कार्यक्रमाचा प्लेअर आणला, सुई होती तीच ठेवली. सावांनी ती टेकवली. वेंडेलनी डोळे मिटले आणि स्पीकरच्या कापडावर तळवा ठेवला.

आणि अकॉर्डियन सुरू झालं.

पाठोपाठ गाणारी बाई. खणखणीत आवाजात ती नवरीच्या आईला विचारत होती की कोकरू कापलं का आणि वऱ्हाडाला दारू पुरेल का. मागे शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी हवेत बार काढला. लेबल वोदोस्तायचंच होतं. कारखान्यात त्या दिवशी कुणीतरी भलताच साचा चढवला होता, एवढंच. मी सावांकडे बघितलं. इथेच त्यांनी बासरी वाचली होती. सावा छताकडे बघत होते. डॉक्टरांनी खिशातून आरसा काढला आणि पुन्हा ठेवून दिला. मी माझ्या शांततेवरच्या प्रकरणाचा विचार करत होतो आणि गाण्यातली नवरीची आई दार उघडत नव्हती.

"सात!" वेंडेल एकदम ओरडले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. दुसऱ्या हाताची बोटं टेबलावर नाचत होती: तीन, दोन, दोन. "सातच मात्रा! अंड्रास! बघ, बोर्का, कसा पुढे पळतोय गाढव! तेव्हाही सांगून थकलो, अरे हळू, बाकीच्यांना येऊ दे!"

इथे एक सांगायला हवं. सात मात्रांचा ताल ही आमच्या जॅझ-रॉकवाल्यांची शान. पाश्चात्त्यांना जमत नाही म्हणून आम्ही त्यावर पानंच्या पानं लिहिली. दक्षिणेकडे मॅसेडोनियात लग्नात म्हाताऱ्या बायका गुडघ्याला फडकी बांधून त्याच सातावर नाचतात, हे लिहायचं तेवढं राहून गेलं.

वेंडेलच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. बोर्काने पातेलं खाली ठेवलं. तिला अकॉर्डियन कळत होतं. ती आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिने घाबरायचं कारण नव्हतं. जो तोंड उघडेल त्याला सांगावं लागलं असतं की इतकी वर्षं आपण नेमकी कशाची तारीफ करत होतो. सगळे अळीमिळी गुपचिळी. आमचा भित्रेपणा कुणाच्या उपयोगी पडल्याचं हे एकमेव उदाहरण, आणि मला त्याचा अजूनही अभिमान वाटतो.

दोन्ही बाजू संपल्यावर वेंडेलनी सावांना मिठी मारली. "माझी बासरी कशी वाटली?" त्यांनी गर्जना केली. सावांनी पाच बोटं जुळवून ओठांना लावली आणि हवेत उघडली. त्यांच्या सगळ्या समीक्षेत मला तीच सर्वांत प्रामाणिक वाटली.

जाताना बोर्का पातेलं ठेवून गेली. "खा. आणि मास्तर," ती म्हणाली, "ही दुसऱ्या कुणाला ऐकवायची नाही."

"वहिनी," मी म्हणालो, "आमच्याकडे तशी प्रथाच नाही."

रेकॉर्डचा दर्जा 'जवळजवळ अस्पर्शित' असा उतरवण्यात आला. क्रमवारीतला पहिला क्रमांक कायम आहे. माझ्या प्रबंधाची दुसरी आवृत्ती निघतेय.

तुम्ही हसताय. हसा. पण कधीतरी चार दर्दी लोकांत बसाल, युगोस्लाव्ह जॅझ-रॉकचा विषय निघेल, आणि तुम्ही गप्प बसणार नाही, मी ओळखून आहे. तुम्ही म्हणाल, "बाकी सगळं ठीक आहे हो, पण वोदोस्तायचा तो अंड्रास! काय पळायचा बेसवर!" समोरचे माना डोलावतील. तुम्ही त्याला ऐकलेलं नाही. मीही नाही. त्याला ऐकलेला एकच माणूस उरलाय, आणि त्यालाही आता काही ऐकू येत नाही. तरी तुम्ही बोलालच. बोला. आमच्याकडे सभासद व्हायला एवढंच लागतं.