बटण चालू असल्याची तक्रार

माणसाला जशी जन्मतारीख असते, तशी वस्तूला वॉरंटी संपण्याची तारीख असते आणि तिचे पुढचे सगळे नशीब त्या तारखेवरून ठरते. खेळाडूंसाठीच्या स्मार्ट घड्याळांच्या अधिकृत सेवा केंद्रात मी अकरा वर्षे पहिल्या खिडकीवर बसतो, म्हणून हे ठामपणे सांगू शकतो. आदल्या दिवशी जो बिघाड असतो, तोच दुसऱ्या दिवशी 'वापरामुळे झालेली हानी' होतो. घड्याळ तेच, बटण तेच, ग्राहकही तोच (पण आदल्या दिवशी त्याला बसायला खुर्ची मिळते).

आमची घड्याळे पळणाऱ्या माणसांसाठी बनवलेली आहेत. पळताना घाम येतो, घाम वाळून त्याचे मीठ बटणाच्या फटीत बसते आणि बटण अडकते. कंपनीने हे काहीही न लपवता माहितीपत्रकाच्या सातव्या पानावर छापले आहे. घामामुळे अडकलेले बटण वॉरंटीत बसत नाही, कारण घाम ग्राहकाने स्वतः आणलेला असतो. दुरुस्तीच्या अर्जात त्यासाठी एक सोपा प्रश्न आहे: 'घड्याळ घालून घाम गाळला का?' उत्तर 'हो' असेल, तर चूक ग्राहकाची. 'नाही' असेल, तर ज्या कामासाठी घड्याळ घेतले ते काम त्याने केलेलेच नाही, मग दुरुस्ती हवी कशाला? इतका निःपक्षपाती प्रश्न मी दुसऱ्या कुठल्याही अर्जात पाहिलेला नाही.

हे सगळे सांगायचे कारण म्हणजे आमच्याकडे आलेले एक मास्तर. शाळेत खेळाचे शिक्षक होते, निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली, वय एकाहत्तर, घरी एकटेच. मुलगी दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर. बाबा रोज मैदानावर फेऱ्या मारतात, कुठे पडले-झडले तर कळायला हवे, म्हणून तिने हे घड्याळ घेऊन दिले. त्याचे खालचे बटण पाच सेकंद दाबून धरले की तिच्या फोनवर संदेश जातो: 'मला मदत हवी आहे.' घड्याळात स्वतःचे सिमकार्ड असल्यामुळे मास्तरांचा फोन जवळ नसला तरी चालते. वर्षभर बटण उत्तम होते. म्हणजे दाबायची वेळच आली नाही, आणि मुलीचा फोन महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचा. वॉरंटी संपल्यावर अकराव्या दिवशी बटण आत अडकून बसले.

तेव्हापासून घड्याळ दिवसातून दोनदा आपणहून मदत मागू लागले. मुलगी घाबरून फोन करायची आणि मास्तर म्हणायचे, "काही नाही गं, बटण अडकलंय." चौथ्या दिवशी ती रजा टाकून आली आणि वडिलांना घेऊन आमच्या खिडकीशी उभी राहिली.

"मीटिंगमधून उठून पळावं लागतं मला," ती म्हणाली. "दर वेळी छातीत धस्स होतं. बाबा म्हणतात राहू दे, पण तुम्ही हे आजच्या आज नीट करून द्या."

'आजच्या आज' असा पर्याय आमच्याकडे नाही. आधी परीक्षण, मग परीक्षणाचा अहवाल, मग अहवालाला मुख्य कार्यालयाची मंजुरी, मग बिल जिच्या नावावर तिची संमती आणि ती संमती मिळाल्याची पोच, असे कामाचे एकूण तेवीस दिवस लागतात. प्रत्यक्ष दुरुस्ती मागच्या खोलीतला टेक्निशियन जुना टूथब्रश आणि दोन थेंब स्पिरिट घेऊन चार मिनिटांत करतो. (ही चार मिनिटे वाचवता येतील का, यावर कंपनी विचार करत आहे.)

नियमाप्रमाणे परीक्षणाखालचे घड्याळ चार्ज करून चालू ठेवावे लागते. त्यामुळे ते माझ्या ड्रॉवरमधून रोज दोनदा मदत मागत राहिले. आता ते ड्रॉवरमध्ये आहे हे मुलीला ठाऊक होते. तरी संदेश आला की तिचा हात फोनकडे जायचाच. आणि फोन लावलाच आहे म्हटल्यावर गुडघा कसा आहे, जेवलात का, शेजारच्या मांजरीला पिल्लं किती झाली, हेही ओघाने यायचे.

मास्तर घड्याळ न्यायला आले तेव्हा त्यांनी 'बिघाडाचा तपशील' या रकान्यात आकडेवारी भरून दिली. जन्मभर हातात स्टॉपवॉच धरलेला माणूस, वेळ मोजल्याशिवाय राहवत नाही. एकूण संदेश एकसष्ट. त्यावर आलेले फोन अठ्ठावन्न (तीन वेळा मुलगी विमानात होती). पहिला फोन चाळीस सेकंदांचा, शेवटचा एकोणीस मिनिटांचा. मी त्यांना सांगितले, सर, हा तपशील बिघाडाचा होत नाही. त्यांनी मान हलवली, पण खोडले नाही.

"अजून थोडे दिवस परीक्षणाला ठेवायचं असेल तर ठेवा," ते म्हणाले. "मला घाई नाही."

असा समजूतदार ग्राहक अकरा वर्षांत मिळाला नव्हता. मी त्यांना पाणी दिले आणि नीट झालेले घड्याळ हातावर बांधून दिले.

महिन्याभराने ते परत आले. आधी उन्हाविषयी बोलले, मग आमच्या नव्या पंख्याविषयी. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नसतो, म्हणून मीच विचारले.

"तक्रार काय आहे, सर?"

"बटण चालतंय."

"चालतंय ना? मग तक्रार काय?"

"हीच. आधी होतं तसं करून द्या."

मी त्यांना नियम समजावून सांगितला. दुरुस्तीलाही नव्वद दिवसांची वॉरंटी असते. त्या मुदतीत बटण पुन्हा बिघडणार नाही, ही जबाबदारी कंपनीने घेतलेली आहे आणि कंपनी शब्दाची पक्की आहे. शिवाय बटणातून निघालेला मळ अटींनुसार कंपनीच्या मालकीचा होतो, तो परत मागता येत नाही. हे सांगताना मला वाईट वाटले. वाईट वाटण्याला अर्जात रकाना नाही, म्हणून ते कुठे नोंदवले गेले नाही.

"मग तुम्हीच दाबा की बटण," मी आवाज खाली आणून म्हणालो.

"फाउल नसताना शिट्टी? छत्तीस वर्षांत एकदाही वाजवली नाही."

"साधा फोन करा मग तिला."

"कामात असते हो ती. आणि फोन करून सांगू काय? मी बरा आहे म्हणून?"

बऱ्या माणसाने फोन का करावा, याविषयी कंपनीच्या कुठल्याही कागदात काही दिलेले नाही. मास्तरांनी खिडकीवरचे माहितीपत्रक उचलले, चष्मा लावला आणि सातवे पान नीट वाचले.

"घामानं बटण अडकतं, असं तुम्हीच छापलंय की," ते म्हणाले, आणि येताना होते त्यापेक्षा बरेच ताठ होऊन बाहेर पडले.

तेव्हापासून मास्तर पळतात. सकाळी आठ फेऱ्या, भर दुपारी आठ फेऱ्या. आमच्या टेक्निशियनने खासगीत सल्ला दिल्यावरून (घाम लवकर साठावा म्हणून) लोकरी स्वेटर घालून. घड्याळ पुसत नाहीत, धूत नाहीत. आठवड्यातून एकदा येऊन बटण दाखवून जातात. टेक्निशियन भिंगातून पाहतो आणि मान हलवतो. मीठ साठतच नाही. त्याने एकदाच काय ते काम मनापासून केले आणि ते असे अंगाशी आले.

बाकी परिणाम मात्र अत्यंत समाधानकारक आहेत. मास्तरांचे वजन सहा किलोंनी उतरले, रक्तदाब जाग्यावर आला. साठीच्या वरच्या ग्राहकांत त्यांच्या पावलांची संख्या सर्वाधिक भरली, म्हणून कंपनीने स्वेटरसकट त्यांचा फोटो आमच्या भिंतीवर लावला. खाली लिहिले आहे, 'समाधानी ग्राहक'. हे सगळे आकडे मुलीला तिच्या फोनवर रोज दिसतात. तिला किती आनंद होत असेल. ती रोज संध्याकाळी उंचावलेल्या अंगठ्याचे चित्र पाठवते, न चुकता. बाबा ठणठणीत आहेत हे अंगठ्याआधीच कळलेले असल्यामुळे पहिल्या रविवारचा फोनही आता लागत नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

परवा मास्तर आले तेव्हा धापा टाकत होते. मी खुर्ची दिली. मूळ वॉरंटी संपलेल्या ग्राहकाला खुर्ची देणे नियमात बसत नाही, पण दिली. ते बराच वेळ भिंतीवरचा स्वतःचा फोटो पाहत बसले आणि मग म्हणाले, "दहा दिवस उरलेत ना नव्वदातले? बघू."

आमच्या नोंदींप्रमाणे ही घड्याळे बहुधा मुले घेतात आणि आईवडील वापरतात. यंदा अशी बरीच घड्याळे गेली. त्यांतले कदाचित एखादे तुम्हीही घेऊन दिले असेल, आणि नसेल दिले तरी तुमच्या वडिलांकडे फोन आहेच. बटण अडकल्याची एकही तक्रार सध्या आमच्याकडे नाही. तेव्हा वाचकहो, घरून बऱ्याच दिवसांत काही संदेश आला नसेल, तर मुळीच काळजी करू नका. बटण उत्तम चालले आहे.