मावशींचे गुरुजी

काचेच्या दिव्यांच्या कारखान्यात त्या महिन्यात एकही दिवा फुटला नाही, आणि डिस्पॅचच्या कारकुनाचा फोटो मुख्य दारापाशी लागला. खाली मोठ्या अक्षरांत 'महिन्याचा मानकरी'. येणारा-जाणारा पाठ थोपटायचा आणि कारकून दर थापेला दोन इंच खचायचा.

कारण दिवे वाचवले होते पॅकिंगच्या मावशींनी. दिवा खोक्यात उभा ठेवायची पद्धत त्यांनी मोडली आणि पुठ्ठ्याच्या पट्टीचा झोपाळा करून त्यात तो आडवा निजवला. कारकुनानं फक्त अहवाल भरला. 'सुधारणा कोणी केली' या रकान्यात मावशींचं नाव लिहायला गेला, तर नाव आठवेना. आठवेना कसलं, माहीतच नव्हतं! सहा वर्षं 'मावशी, झालं का?' एवढ्यावर भागलं होतं. उद्या विचारू म्हणून त्यानं रकाना रिकामा सोडला, आणि कॉम्प्युटरनं अहवाल भरणाऱ्याचंच नाव टाकून दिलं.

मानकरी झालेला रोजंदारीचा माणूस कायम व्हायचा, असा तिथला नियम. कारकून आधीच कायम होता. मावशी नव्हत्या.

तो साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. "साहेब, ते मी नाही केलं. मावशींनी केलं."

"कोण मावशी?"

"पॅकिंगच्या."

"नाव काय त्यांचं?"

"तेवढं विचारायचं राहिलंय, साहेब."

"नाव नसलेल्या मावशी!" साहेब खूश झाले. "श्रेय द्यायला माणूस सापडेना म्हणून बनवलात की काय? अहो, विनयालाही मर्यादा असते. शुक्रवारी सगळ्या पॅकिंगला तुम्हीच शिकवायचं. ठरलं."

कारकून धावत पॅकिंगमध्ये गेला. "मावशी, तुमचं पूर्ण नाव काय हो?"

"का? पोलीस आलेत?"

सगळ्या बायका हसल्या. मावशींनी नाव सांगितलं. ते घेऊन तो परत येईपर्यंत साहेब दौऱ्यावर निघून गेले होते, ते थेट शुक्रवारी उगवले.

शुक्रवारी मावशी पहिल्याच रांगेत. कारकुनानं पट्टी दुमडली, झोपाळ्याऐवजी तिची पिपाणी झाली. दिवा आत कोंबला, खोकं बंद केलं आणि साहेबांच्या हुकमावरून टेबलावरून खाली सोडलं.

खळ्ळकन!

"वा!" साहेबांनी टाळी वाजवली. "कसं करायचं नाही, ते आधी दाखवलं! याला म्हणतात शिक्षक."

"नाही हो साहेब, मला खरंच येत नाही. यांना येतं!"

मावशी उठल्या. अर्ध्या मिनिटात दिवा बांधला, खोकं खाली टाकलं आणि वर एक लाथही घातली. उघडलं तर दिवा जसाच्या तसा.

साहेब थक्क. "दहा मिनिटांत एवढं शिकवलंत? बाईंना कायम करून टाका! शिकवणाऱ्यानं फक्त लिहून द्यायचं."

संध्याकाळी फॉर्म टेबलावर आला. छापील वाक्य होतं, 'सदर काम मी यांना शून्यापासून शिकवले.' शेजारी मावशी उभ्या.

"मी नाही सही करणार," कारकून म्हणाला. "सरळ खोटं आहे हे. मी खरं काय ते लिहून देतो."

"कोणाला?"

"साहेबांना."

"म्हणजे ते तुम्हाला आणखी एक बक्षीस देणार आणि मी राहणार रोजंदारीवर. झाली तेवढी मदत पुरे. करा सही."

मान वर न करता त्यानं सही केली.

मावशींनी कागद उचलला, दोनदा वाचला, नीट घडी करून पदरात बांधला. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"उद्यापासून दुपारी जेवण झालं की येत जा माझ्याकडे. पंधरा मिनिटं रोज."

"कशाला?"

"पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला शिकवायचंय तुम्ही. साहेबांनी आत्ताच सांगितलं." मग निघता निघता, "आणि येताना फुटका दिवा आणा. चांगला देणार नाही मी तुमच्या हातात."