दसरा काढू की संक्रांत?

"दसरा काढू की संक्रांत?" असं सुमनकाकूंनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मे महिना होता. बाहेर हैदराबादमधली आमची कुकटपल्ली भाजून निघत होती. मला वाटलं, काकूंना ऊन लागलं. पण त्या हॉलमधल्या फ्रीझरची काच सरकवून, आत हात घालून, शांतपणे माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. दसरा म्हणजे श्रीखंड आणि संक्रांत म्हणजे गुळाच्या पोळ्या, हे मला नंतर कळलं.

हा फ्रीझर मूळचा आइस्क्रीमच्या दुकानातला. कोपऱ्यावरचं दुकान बंद झालं तेव्हा काकूंनी तो विकत घेतला आणि थेट सोफ्याशेजारी ठेवला. त्याच्या पोटावर अजून आइस्क्रीमच्या कोनाचं मोठं चित्र आहे आणि वर काकूंनी विणलेला रुमाल. एकदा पार्सल घेऊन आलेल्या माणसाने आत डोकावून विचारलं, "अम्मा, बटरस्कॉच है क्या?"

"नई रे, पुरण है," म्हणत काकूंनी त्याला एक गोठलेली पोळी कागदात बांधून दिली. तेव्हापासून तो आमच्या मजल्यावरची पार्सलं दारात टाकून पळत नाही. हातात देतो.

मी समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहते. नोकरीसाठी पुण्याहून आले. काकू जन्मापासून हैदराबादच्या, सुलतान बाजारात वाढलेल्या. त्यांच्या मराठीत सगळं शहर येऊन बसलेलं आहे. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे मी मराठीत जपून बोलते. तशी इंग्रजीतही जपूनच बोलते.

काकूंच्या मते पदार्थ दोनच प्रकारचे असतात, इमानदार आणि बेइमान. पुरण इमानदार. कटाची आमटी तर "बर्फातून निघाल्यावर अजून सुधरते बघ." बटाटा एक नंबरचा बेइमान. "जरा थंडी लागली की भुसभुशीत होऊन बसतो. त्याच्यावर काय भरोसा ठेवायचा?" हाच निकष माणसांनाही लागतो. आमचा वॉचमन इमानदार. लिफ्ट दुरुस्त करायला येणारा बटाटा.

सण आला की काकू लग्नघर असल्यासारखं रांधतात. सुलतान बाजारातून दीर, जाऊ, पुतणे, सुना येतात, गलका करून जेवतात आणि जातात. उरलेलं डब्यांत भरलं जातं, पोळ्यांच्या मधे बटर पेपर घालून. मग एखाद्या मंगळवारी काकू एकट्याच बसून दिवाळी जेवतात.

"स्वतःपुरतं ताजं का नाही करत?" मी एकदा विचारलं.

"करून पाहिलं की. वाटीभर भात, एवढीशी भाजी. चवच लागंना. हे कसं, घरात माणसं होती तेव्हाचं आहे."

मला त्या दारातच डबा देतात. "आत ये की गं, बसून खा." "नको काकू, मीटिंग आहे," मी म्हणते. मीटिंग दर वेळी असतेच असं नाही. समोर कोणी बसलेलं असलं की माझा घास तोंडात फिरत राहतो, म्हणून मी डबा लॅपटॉपसमोर संपवते.

यंदा गुढीपाडव्याला सकाळपासून जिन्यात वेलदोड्याचा वास होता. दुपारी मी रिकामा डबा परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. टेबलावर पोळ्यांची उंच चळत, पातेलंभर आमटी. खाली पंक्तीत मांडलेली ताटं, सगळी कोरडी. काकू इरकली नेसून सोफ्यावर बसल्या होत्या.

"दिरांच्या घरी सगळ्यांना ताप," त्या म्हणाल्या. "'वहिनी, यंदा येणं होत नाही' म्हणाले. स्वयंपाक उरकला अन् फोन आला."

धीराचं काही सुचेना, म्हणून मी कामाचं बोलले. "मग डबे भरायला मदत करू?"

"नक्को. हे ठेवता येत नाही."

"पुरण तर इमानदार ना?"

"पुरण इमानदारच आहे. पण ह्याला कोणी शिवलं नाही गं. कोणी जेवलंच नाही, तर उरलं कसं म्हणायचं? हे ठेवलं तर रोज ही रिकामी ताटं काढून खायची. वॉचमनला सांगते, सगळं घेऊन जा म्हणून."

मी फ्रीझरकडे पाहिलं. काचेतून तळ दिसत होता, कोपऱ्यात होळीचा एक डबा. पुढचे मंगळवार काकू काय खाणार होत्या?

मी चपला काढल्या आणि पहिल्या ताटावर जाऊन बसले.

"वाढा काकू. भूक लागलीय."

"अन् मीटिंग?"

"नाहीये."

काकूंनी मग पदर खोचला.

"तूप घे. अजून घे. लाजायलीस कशाला? पोळी काय तुझा इंटरव्ह्यू घ्यायलीय का?"

हसताना मला ठसका लागला. काकूंनी पाणी दिलं, पाठीवर थापट्या मारल्या आणि बटाट्याची भाजी पुढे सरकवली. "हा बेइमान तेवढा संपवून टाक." मग त्यांनी माझ्यासमोरच्या ताटात स्वतःलाही वाढून घेतलं. मी ऑफिसबद्दल बोलले, आईबद्दल बोलले. घास फिरला की नाही, ते बघायचं राहूनच गेलं.

जेवण झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून डबे भरले.

परवा संध्याकाळी मी काकूंची बेल वाजवली. हातात परत करायचा डबा नव्हता. काकूंनी रुमाल बाजूला केला, काच सरकवली.

"काय काढू? होळी आहे थोडी. अन्..." त्यांनी हात खोल घातला. "तू जेवलीस तो पाडवा आहे."

"तोच काढा," मी म्हटलं, आणि मांडणीवरून दोन ताटं घेतली.