वाचनालयाची भिंत

"भिंत कुठं हाय?" चांगुणाबाईंनी विचारले, आणि चुन्याच्या फक्कीची पाटी धरलेला गवंडी तिप्पण्णा जागच्या जागी थिजला.

खजुरीत वाचनालय आणि करमणूक केंद्र एकाच छपराखाली व्हायचे होते. त्यासाठी चांगुणाबाईंनी आपले खळे दिले होते, ते एकाच अटीवर: गावच्या बायांना निवांत बसून वाचता आले पाहिजे. तिप्पण्णाने त्या खळ्यावर फक्कीने आराखडा आखला होता. डावीकडे वाचनालय, उजवीकडे हुतुतूचे मैदान आणि मध्ये मोकळी हवा.

"भिंतीनं वारं अडतंय, अक्का," पंचायतीचे चेअरमन गुंडाप्पा म्हणाले.

"वारं? इकडं लंगोट लावून गडी नाचायलेत आन तिकडं माझ्या सुनांनी पुस्तक उघडायचं? लाज कशी न्हाई रे तुला!"

"पुढं बघू की."

चांगुणाबाईंचा पारा चढला. 'पुढं बघू' म्हणजे कधीच नाही, हे त्या पुरते ओळखून होत्या. तेवढ्यात आखलेल्या रेघा बघून गड्यांनी डाव मांडलाही. बाईंनी सोलापूरच्या एस्टीने आलेले वर्तमानपत्र उचलले आणि फक्कीच्या वाचनालयात जाऊन ठाण मांडले.

बाई बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या सालानंतर, वयाच्या चाळिशीत, प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या. त्या वर्गात एकीने खणखणीत वाचायचे आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचे. मनातल्या मनात वाचणे ही बाईंच्या लेखी चोरी होती.

"सोलापूर बाजार! तूर तेजीत!" त्या कडाडल्या.

"तूर तेजीत!" त्यांना जेवायला बोलवायला आलेल्या त्यांच्या सुना सरुबाई आणि विमलबाई सवयीने मागून ओरडल्या.

चढाईला गेलेला निंगप्पा दम सोडून वळला. "किती झाली, अक्का?"

झाले! निंगप्पा बाद झाला. पुढचा गडी ज्वारीच्या भावाला बाद झाला. आवाज ऐकून आणखी बाया आल्या आणि फक्कीच्या आत दाटीवाटीने बसल्या. मादन हिप्परग्याहून सामन्याला आलेला संघ तर आयते गुण घेत, बातम्या ऐकत उकिडवा बसून राहिला.

"अक्का, जरा हळू वाचा की," गुंडाप्पा काकुळतीला आले.

"कामून? वाचनालयात वाचू नको तर काय भाकऱ्या थापू?"

"पोरं हरायलीत वो!"

"हरू दे. वारं तर लागायलंय न्हवं?"

निंगप्पा दुसऱ्यांदा बाद झाला, तेव्हा सगळे गडीच गुंडाप्पांवर धावून आले. "अप्पा, भिंत घाला! आजच्या आज घाला!"

"घालतो, अक्का. चांगली दीड वीत जाड."

"छपराला भिडंल अशी?"

"भिडंल अशी."

चांगुणाबाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. तिप्पण्णाने मधोमध ठसठशीत रेघ ओढली आणि अदबीने विचारले, "अप्पा, 'शांतता राखा' ही पाटी कुण्या बाजूला लावू?"

गुंडाप्पांनी बाईंकडे चोरून पाहिले आणि बोट दाखवले ते वाचनालयाकडे.

"लाव, लाव," चांगुणाबाई कडाडल्या. "तीबी मोठ्यानं वाचू!"