तसबिरीची मोहीम, अर्थात नकाशानवीसांनी कॅमेरा कसा घेतला

घरच्या बाईसाहेबांची आज्ञा झाली की कॅमेऱ्याच्या मसलतीचे साद्यंत वर्तमान कागदावर उतरवून ठेवावे, म्हणजे पुढेमागे नकाशानवीसांची स्वारी दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या मोहिमेस निघाली तर वाचून दाखवता येईल. ती आज्ञा शिरसावंद्य मानून, जे पाहिले ते पाहिल्याप्रमाणे आणि जे शेजारी म्हणून भिंतीपलीकडून ऐकले ते ऐकल्याप्रमाणे, पदरचे न घालता लिहितो. कोठे पदरचे पडलेच तर ते मोहिमेच्या गौरवार्थ पडले असे समजावे.

नळपाणी खात्याचे थोरले नकाशानवीस, ज्यांची रेघ तीन वेळा पेन्सिलीने तपासल्यावाचून शाईस पावत नसे, त्यांचे तीर्थरूप अण्णासाहेब हे घड्याळांचे कारागीर. बाजारात जिन्याखाली चार हात रुंद दुकान, त्यात एक टेबल, एक दिवा आणि भिंतीवर एकमेकांशी न जुळणारी एकवीस घड्याळे, ऐशा दौलतीवर त्यांनी बेचाळीस वर्षे अंमल केला. पुढे नजर मंदावली, एका स्क्रूच्या ठायी दोन दिसू लागले, तेव्हा वर्षअखेरीस दुकान आवरावे ऐसा निश्चय करून ते एके दिवशी चहा पिता पिता चिरंजीवांस म्हणाले, "दुकान बंद करायच्या आधी टेबलाशी बसलेला माझा एक फोटो काढशील का? कामावरचा एकही नाही माझ्याकडे."

अण्णासाहेबांनी चिरंजीवांकडे आजवर काही म्हणता काही मागितले नव्हते; चष्म्याची काडी मोडली तरी स्वतःच तारेने बांधून घेत. त्यामुळे नकाशानवीसांस भरून आले, आणि ऐसी तसबीर फोनावर काढणे म्हणजे तीर्थरूपांची अवहेलना, तिच्यासाठी भिंगे बदलता येणारा खासा कॅमेराच पाहिजे, ऐसे मनाने घेऊन त्यांनी चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वीच मोहीम पुकारली. वर्षअखेरीस तेव्हा नऊ महिने होते, म्हणजे वेळ मुबलक होता.

त्या समयी कॅमेऱ्यांच्या मुलखात दोन पातशाह्या मातबर, एक तांबड्या पट्टीची आणि दुसरी पिवळ्या पट्टीची. दोहोंचे डबे काळे, दोहोंची भिंगे काळी, दोहोंच्या पोटात आरसा, बटण दाबता तो उडतो आणि खाडकन आवाज होतो. त्रयस्थास दोहोंत काडीचा फरक न दिसे. परंतु एका घरचे भिंग दुसऱ्या घरच्या डब्यावर चढत नाही, आणि डबा काही वर्षांत जुना होतो पण भिंगे साठत जातात, म्हणून जो एकदा ज्याच्या पदरी पडला तो जन्मभर तेथलाच. हे ऐकून नकाशानवीसांची झोप उडाली. लग्न ठरविताना त्यांनी इतका विचार केला नव्हता, असे बाईसाहेबांनी पुढे अनेकवार काढून दाखविले.

मग दोन्ही दरबारांचे वकील दाखल जाहले. तांबड्यांचे वकील कचेरीचे रोखपाल, जे बारा वर्षे दर रविवारी तळ्याकाठी पक्ष्यांवर पाळत ठेवून होते आणि ज्यांच्या संग्रही उडून चाललेल्या पक्ष्यांच्या पाठींच्या तसबिरी शेकड्यांनी होत्या. त्यांनी अर्ज केला की माणसाच्या कातडीचा रंग दाखवावा तर तांबड्यांनीच. पिवळ्यांचे वकील खुद्द बाईसाहेबांचे बंधुराज, ओळखपत्रांचे फोटो काढणारे. त्यांनी जबाब दिला की अंधाऱ्या जागी पिवळ्यांवाचून कोणी टिकत नाही, आणि दाजींनी परक्यांचे ऐकायचे तर खुशाल ऐकावे, आमचे काय. पुढे दोघे वकील एका रविवारी जेवावयास एकत्र आले, आणि आमटी वाढण्याच्या आत उभयतांत ऐसी खडाजंगी जाहली की रोखपाल ताक न पिता उठले. नकाशानवीसांनी दोहोंचे म्हणणे टिपून घेतले आणि दोहोंसही आपलेच खरे असा भरवसा दिला.

मग दिवाणखान्याच्या भिंतीवर तुलनेचा तक्ता चढला. आडवे रकाने अठरा, उभे बत्तीस, नळांच्या जाळ्याचा नकाशा असावा तैसा. वजन, वेग, पडद्याचा आकार, बटणांचे अंतर, सर्व मिलिमीटरपर्यंत. दोन्ही वकिलांकडून एकेक डबा दोन दिवसांच्या बोलीवर आणून त्यांनी समोरच्या इमारतीच्या विटांच्या भिंतीच्या तसबिरी घेतल्या, कारण भिंगाची पारख कोपऱ्यातल्या विटेवर होते ऐसे त्यांच्या वाचनात आले होते. त्या इमारतीतल्या बिऱ्हाडांत अफवा उठली की इमारत पाडणार, खात्याचा माणूस मापे घेऊन गेला. मग तेथील चिटणीस लेखी खुलासा मागावयास आले आणि तेही जाता जाता, आपल्या जावयाकडे तांबडा आहे, असे सांगून गेले. या अवधीत भिंतीच्या दोनशे चौदा तसबिरी जाहल्या आणि अण्णासाहेबांची एकही नाही.

आता जी चूक घडली ती नळपाणी खात्याच्या माणसाकडूनच घडावी. नकाशानवीसांनी उभी हयात निरनिराळ्या आट्यांचे नळ एकमेकांस जोडण्यात घालविली होती. न जुळणारे दोन नळ त्यांस ठाऊकच नव्हते, ठाऊक होता तो केवळ मध्ये घालावयाचा जोड. तेव्हा पिवळ्यांचा डबा आणि तांबड्यांचे भिंग यांत तरी तह का न व्हावा, ऐसा विचार करून त्यांनी पितळी जोडाचा नकाशा रेखला, आणि खात्याच्या काताऱ्याकडून तो कातून घेतला, आणि यात सात आठवडे गेले. जोड ऐसा चपखल बसला की कातारी स्वतः पाहावयास आला. मग स्वारीने डोळा लावून पाहिले, तो भिंगापासून चार बोटांवरचे सर्व लख्ख आणि त्यापलीकडे सारी दुनिया धुक्यात. जोडाच्या जाडीने भिंग पुढे सरकले, आणि पुढे सरकलेले भिंग दूरचे पाहू शकत नाही, हे कोणत्याच रकान्यात नव्हते. त्या जोडातून अण्णासाहेबांच्या नाकाचा शेंडा तेवढा उत्तम आला असता.

इतक्यात खबर आली की आरसाच काढून टाकलेला नवा पंथ उदयास आला आहे आणि दोन्ही जुन्या पातशाह्यांनीही आतून त्याच्याशी संधान बांधले आहे. एक वक्ता संगणकाच्या पडद्यावर येऊन सांगे की आरशाचे राज्य बुडाले. दुसरा सांगे की आणखी शंभर वर्षे बुडत नाही. दोघेही शेवटी आपल्या वाहिनीचे वर्गणीदार व्हा म्हणत. नकाशानवीसांनी तक्त्यास आणखी अकरा रकाने जोडले, ते दिवाणखान्यात न मावून स्वयंपाकघराच्या दारावर आले. तेव्हा वर्षअखेरीस चार दिवस उरले होते, आणि बाईसाहेब दार उघडावयास गेल्या तो तक्त्याचा कोपरा फाटून हाती आला.

बाईसाहेबांनी तो कोपरा घडी करून स्वारीपुढे ठेविला आणि शांतपणे फर्माविले, "परवा संध्याकाळपर्यंत कॅमेरा घरात आला नाही, तर मी माझ्या भावाला सांगून अण्णांचा फोटो काढून घेते."

हा घाव वर्मी बसला. तसबीर मेहुण्यांनी काढावी, तीही निळ्या पडद्यापुढे, कान दोन्ही दिसतील ऐसी, यापरते लांछन नाही. मग स्वारी तक्त्याची गुंडाळी बगलेत मारून दुकानावर चालून गेली आणि दोन्ही पातशाह्यांचे अमुक अमुक डबे हजर करावे ऐसा हुकूम सोडला. दुकानदाराने मागे जाऊन पाहिले आणि विनवले की वर्षअखेरीस माल संपला आहे, एका घरचा एकच उरला आहे, दुसऱ्याचा महिनाभराने येईल. नऊ महिन्यांच्या मसलतीचा निकाल त्या फळीवर लागला. कोणत्या निशाणाचा डबा घरी आला ते बखरकार लिहीत नाही, कारण लिहिल्यास दुसऱ्या छावणीचे लोक दारी येतील आणि या घरास आता आणखी पाहुणे सोसवणार नाहीत.

अखेरच्या दिवशी स्वारी तिपाईसह जिन्याखालच्या दुकानात उतरली. तिपाई मांडिली, पाणसळ लावून सपाट केली, टेबलापासूनचे अंतर टेपने मोजिले, मग पुस्तिका काढून तिचे वाचन आरंभिले, कारण तीन वेळा तपासल्यावाचून बटण दाबणे त्यांच्या रक्तात नव्हते. अण्णासाहेब डोळ्यास भिंग लावून शेवटच्या गिऱ्हाइकाचे, एका परिचारिकेचे, घड्याळ दुरुस्त करीत होते. पुस्तिकेचे एकसष्टावे पान उलटले आणि घड्याळ चालू झाले. चौसष्टावे उलटले आणि बाई घड्याळ मनगटास बांधून, आता पुढे कोणाकडे जाऊ म्हणत, गेल्या. मग अण्णासाहेबांनी चिमटे पुसून खणात ठेविले, डोळ्यावरचे भिंग उतरविले आणि दिवा मालवला.

नकाशानवीसांनी मान वर केली तो रण मोकळे. बेचाळीस वर्षांचे काम त्यांच्या समोर संपले, आणि तोफ डागली गेलीच नाही. पुस्तिका मिटावी की उघडी ठेवावी हे त्यांस सुचेना.

अण्णासाहेबांनी चिरंजीवांकडे पाहिले, आणि मग दिवा पुन्हा लाविला. चालते घड्याळ कधी उघडू नये, हा त्यांचा दंडक; त्यापायी त्यांनी कितीएक हौशी गिऱ्हाइके परत पाठविली होती. त्यांनी आपल्या मनगटाचे घड्याळ सोडले, पालथे केले आणि त्याची पाठ उघडली.

"अण्णा, ते तर चालतंय."

"माहीत आहे. तू तुझं सावकाश बघून घे, मला घाई नाही."

तेव्हा नकाशानवीसांनी तिपाई सोडली, पाणसळ सोडली, पुस्तिका जमिनीवर पडली ती पडू दिली, आणि डबा हाती घेऊन गुडघ्यांवर बसून एकामागून एक बटण दाबू लागले. दुकान लहान, त्यात आरशाचा खाडखाड आवाज. अण्णासाहेब एकदा म्हणाले की याचे तेलपाणी चांगले आहे, आणि पुन्हा कामास लागले. डोळे पुसावयास स्वारी तीन वेळा थांबली, त्याची नोंद येथे करणे प्राप्त आहे.

येणेप्रमाणे युद्धाचा ताळेबंद. त्र्याहत्तर तसबिरी पडल्या. पैकी एकोणपन्नास अंधाऱ्या, तेवीस हललेल्या, एक साधली. ती जराशी तिरकी आहे, परंतु तीत दिवा आहे, भिंग लावलेला डोळा आहे, आणि उघड्या घड्याळावरचे दोन हात आहेत, ते तसूभरही हललेले नाहीत. रोखपालांनी ती पाहून हा कातडीचा रंग तांबड्यांचाच असे सांगितले. बंधुराजांनी ऐसा अंधार पिवळ्यांवाचून कोणास पेलत नाही असे सांगितले. दोघेही समाधानाने घरी गेले. अण्णासाहेबांनी ती बराच वेळ हातात धरिली आणि एवढेच म्हणाले, की मी काम करताना असा दिसतो हे ठाऊक नव्हते.

एवं मोहीम फत्ते जाहली, हे साक्षीदारांसमक्ष नमूद केले. आपल्या पक्षाची हानी एकच: त्या दिवशी मंद नजरेने उघडलेले अण्णासाहेबांचे घड्याळ तेव्हापासून दिवसाला चार मिनिटे मागे पडते. ते त्यांस दहा मिनिटांत नीट करता येईल. ते करीत नाहीत, रोज सकाळी काटे पुढे सारून मनगटास बांधतात.